शुक्रवारचं सॉसेज

आमच्या खोलीत आरसा एकच होता आणि त्या महिन्यात तो लॉटी व्रूबेलने पार बळकावला होता. सकाळी मी डोळे चोळत उठावं, तर ही बया आरशासमोर उभी. हातात लाकडी चमचा. तो ती हळूच तोंडाशी नेणार, चावल्यासारखं करणार, डोळे मिटणार आणि गाणं म्हटल्यासारखं म्हणणार, "अहाहा, ह्यूबनर!"

"आज कसं वाटलं?" ती विचारायची.

"दाढ दुखतेय असं वाटलं."

"आणि काल?"

"काल लाकूड चांगलं शिजलं होतं."

मग ती तोच चमचा माझ्या डोक्यात घालायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. असे तीन आठवडे मी काढले. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर तिने चमचा चुलीत घातला असता.

आम्ही दोघी सहा वर्षं एकत्र राहत होतो, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या दक्षिण भागात, एका म्हाताऱ्या पोलिश बाईच्या घराखाली. खाली म्हणजे अक्षरशः खाली. बाईच्या नवऱ्याने आपलं आख्खं लाकडी घर जॅक लावून उचललं होतं आणि पोटाखाली विटांची खोली बांधून ती भाड्याने लावली होती. आमची खिडकी फुटपाथच्या उंचीला. त्यामुळे गल्लीतली माणसं आम्हाला तोंडावरून कमी आणि चपला-बुटांवरून जास्त ओळखू यायची. घरमालकिणीला सगळी गल्ली 'बूशा' म्हणायची, म्हणजे आजी. तिचे करकरणारे काळे बूट खिडकीसमोर थांबले की आम्ही आवाज बारीक करायचो.

लॉटी पोलिश आणि कट्टर कॅथलिक. मी आर्डिस बोल्टर, जर्मन आणि लुथेरन, म्हणजे पोपला न मानणारी, अंगाने दुप्पट आणि तोंडाने तिप्पट. आमच्या पाद्र्याला मी पोपच्या माणसांत राहते हे मुळीच पसंत नव्हतं आणि बूशाला तिच्या घराखाली लुथेरन झोपते हे पसंत नव्हतं. पण बूशाचा बंब मीच दुरुस्त करायचे, त्यामुळे ती माझ्या आत्म्याचा विषय फक्त थंडी संपल्यावर काढायची.

दोघी ह्यूबनरच्या सॉसेज कारखान्यात. मी भरण्याच्या यंत्रावर, लॉटी बांधणीच्या थंड खोलीत. त्या खोलीत पाणी जेमतेम गोठायचं राहतं. तिथे बायका ओळीने उभ्या राहतात आणि ओली, गार सॉसेजं उचलून डब्यात लावतात, दिवसभर. हातमोजे घातले तर सॉसेज निसटतं, म्हणून कोणी घालत नाही. लॉटीची आई सालोमेया तिथे बावीस वर्षं होती. आता तिची बोटं अशी वळली आहेत की तिला स्वतःच्या कोटाचं बटण लावता येत नाही. सून लावून देते आणि लावताना सुस्कारा टाकते.

मागच्या हिवाळ्यात लॉटीच्या उजव्या हाताची दोन बोटं सकाळी सरळ होईनाशी झाली. ती मला काही बोलली नाही. ती गुपचूप कॉफीच्या गरम कपाभोवती हात धरून बसायची आणि मी पाहतेय असं दिसलं की म्हणायची, "कॉफी छान झालीय हं." कॉफी मी करायचे. ती कधीच छान होत नसे.

त्यामुळे कंपनीने जेव्हा टीव्हीवर जाहिरातीसाठी मुलगी हवी असं जाहीर केलं, तेव्हा मी स्वतः लॉटीचं नाव कागदावर लिहून दिलं. दर गुरुवारी संध्याकाळी पोल्का नाचगाण्याचा कार्यक्रम असायचा, हॅपी रोमन नावाचा माणूस अकॉर्डियन वाजवायचा आणि मध्येच कंपनीची मुलगी यायची. तिने गरम सॉसेज चावायचं, खूश व्हायचं आणि कंपनीचं नाव घ्यायचं. ज्या मुलीला हे काम मिळेल तिची थंड खोली सुटणार होती. तिला वरच्या मजल्यावर बसवणार होते, खिडकीजवळ, हीटरच्या शेजारी. चौदा जणींतून लॉटी निवडली गेली. एक कार्यक्रम करून दाखवायचा, तो जमला तर काम पक्कं. नाही जमला तर हिशेबखात्यातली डोरीन तयारच बसली होती, दात घासून.

आणि मग मंगळवारी विक्रीखात्याचे झास्ट्रोसाहेब खाली आले. डबे रचून ठेवले होते तिथे उभे राहून त्यांनी सांगितलं, निवडणुकीतल्या कोणा उमेदवाराने गुरुवारची वेळ भाषणासाठी घेतली आहे, तेव्हा या वेळी कार्यक्रम शुक्रवारी.

"शुक्रवारी?" लॉटी म्हणाली.

"हो. काही अडचण?"

"शुक्रवारी आम्ही मांस खात नाही, साहेब."

झास्ट्रोसाहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने कारखान्यात गाय आणायची परवानगी मागितली होती. "एक घास, मिस व्रूबेल. एकच घास. गुरुवार काय नि शुक्रवार काय, सॉसेज तेच आहे. नाहीतर डोरीनला सांगतो. ती प्रेस्बिटेरियन आहे, तिला शुक्रवारचं काही नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही लुथेरन ना? तुम्ही का करत नाही?"

"साहेब," मी म्हटलं, "मी सॉसेज हातात घेतलं तर लोकांना कळायचं नाही कोण कोणाला खातंय."

ते हसत निघून गेले. लॉटी हसली नाही.

घरी आल्यावर ती पलंगावर बसली, कोट न काढता. शुक्रवारी मांस खाणं म्हणजे त्यांच्यात साधंसुधं पाप नव्हे, महापाप. जाणूनबुजून खाल्लं आणि पाद्र्यापाशी कबुली न देता मेलात, की सरळ नरक. मधलं स्टेशन नाही.

"पण नुसतं चावायचं आणि थुंकायचं?" मी विचारलं.

"लाइव्ह असतं, आर्डिस. थुंकू कुठे? हॅपी रोमनच्या अकॉर्डियनमध्ये?"

"पाद्रीबाबांना विचार. सवलत देतील."

"विचारलं. येताना गेले होते. म्हणाले, सेंट पॅट्रिकचा सण शुक्रवारी आला तर सवलत देतात, कंपनी सेंट पॅट्रिक नव्हे."

मी स्टोव्ह पेटवला. मला विचार करायचा असला की मी बटाटे सोलते. सोलता सोलता मी विचारलं, "मासा चालतो ना?"

"चालतो."

"अंडं?"

"चालतं."

"लोणी?"

"तेही चालतं. का?"

"बेडूक?"

"बेडूक पण चालतो. कासव पण."

"तुमच्या देवाला पाण्यातलं काही दिसतच नाही वाटतं," मी म्हटलं आणि सुरी खाली ठेवली. "मग मी तुला माशाचं सॉसेज करून देते. दिसायला हुबेहूब ह्यूबनरचं. तू चाव, गीळ, अहाहा कर आणि सरळ स्वर्गात जा."

लॉटीने तेव्हा कुठे कोटाची बटणं काढली. मग पुन्हा थबकली. "साल? साल डुकराच्या आतड्याची असते. आतडं म्हणजे डुक्करच."

पण अकरा वर्षं मी उगाच भरण्याच्या यंत्रावर घालवली नव्हती. आमच्याकडे बिनसालीची सॉसेजंही निघायची. ती आम्ही पातळ पारदर्शक नळीत भरायचो. लाकडाच्या लगद्यापासून करतात ती नळी. उकडून झालं की सोलून फेकायची, आत सॉसेज उघडं आणि गुळगुळीत. टीव्हीवर हीच न्यायची होती, कारण चावताना साल ताणली जाऊन तोंड वेडंवाकडं दिसायला नको.

"लाकूड चालतं?" मी विचारलं.

"लाकडाबद्दल चर्चचं काही म्हणणं नाही," लॉटी म्हणाली, आणि तेव्हा मात्र हसली.

"पण एक ध्यानात घे. सगळी गल्ली तुला बघणार. त्यांना काय माहीत आत मासा आहे?"

"लोकांचं मी बघून घेईन गं. देवाला खरं माहीत असलं म्हणजे झालं. आणि आईला सांगून ठेवते. बाकी कोणाला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत झास्ट्रोच्या कानावर जाईल."

गुरुवारी पाळी संपल्यावर मी एक हात नळी खिशात घालून आणली. कॉड मासा किसला, त्यात अंड्याचा पांढरा भाग, थोडा पाव, मिरी, जायफळ आणि लसूण घातला, रंगाला बिटाचा रस आणि पाप्रिका. लॉटी चिमटीने रंगाचा अंदाज घेत होती. "अजून लाल. ह्यूबनर एवढा फिका नसतो." मग मी केकवर क्रीम काढायच्या पिशवीच्या नळकांड्याने ते नळीत भरलं, दोऱ्याने बांधलं आणि उकडलं. राहिला धुराचा वास. तो कुठून आणणार? बूशाच्या परसात नवऱ्याने केलेली लाकडी धुराडी, म्हणजे धूर कोंडायची खोपटी, होती, ईस्टरला त्यात ती आपली सॉसेजं धुरवायची. मी माझं एकुलतं एक सॉसेज तिथे टांगलं आणि सफरचंदाच्या लाकडाचा भुसा पेटवला.

करकर करकर. काळे बूट.

"कोण आहे? काय जाळतेस पोरी?"

मी धुराडीच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. माझ्या पाठीमागे दोन दारं लपली असती. "मासा धुरवतेय, आजी. उद्याच्या शुक्रवारसाठी."

बूशाने नाकाने खात्री करून घेतली. मग तिचा चेहराच मऊ झाला. "बघा! लुथेरन असून शुक्रवार पाळते. देवाचा हात पोचला गं तुझ्यापर्यंत." आणि जाता जाता म्हणाली, "उद्या लॉटीचा कार्यक्रम आहे, सगळ्या बायका माझ्याकडे जमणार आहेत, टीव्ही माझ्याकडेच आहे ना. पण ती खाणार नाही ना खरंच? नुसतं तोंडाशी नेईल आणि खाली ठेवेल?"

"मला काय माहीत आजी, मी लुथेरन," मी म्हटलं. हे वाक्य मला सहा वर्षं फार उपयोगी पडलंय.

खरं सांगते, तासाभराने ते सॉसेज मी बाहेर काढून सोललं, तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला. तोच रंग, तीच चमक, तीच लांबी. लॉटीच्या आईलाही फसवलं असतं. ओळख पटावी म्हणून एका टोकाला सुरीने बारीकशी चीर दिली आणि कागदात गुंडाळून ठेवलं.

शुक्रवारी संध्याकाळी पांढरा कोट घालून बर्फाचा डबा घेऊन मीच स्टुडिओत गेले, कारण झास्ट्रोसाहेबांना कारखान्याचं खरं माणूस सॉसेजं आणताना हवं होतं. डब्यात पाच ह्यूबनरची, एक आमचं. लॉटीने निळा फ्रॉक घातला होता आणि हातांना कसलंसं क्रीम चोपडलं होतं. तिथले दिवे इतके तापत होते की मी मनात म्हटलं, चला, आज तरी पोरीची बोटं गरम राहतील.

सजावट बघणारी एक बाई होती, गोड आवाजाची, केसांत पेन्सिल खोवलेली. तिने माझ्याकडून डबा घेतला. मी म्हटलं, "चीर असलेलं तेवढं मिस व्रूबेलच्या ताटात हं, ते जरा खास आहे."

"हो हो," ती म्हणाली.

तेवढ्यात लॉटीच्या फ्रॉकचा हूक तुटला आणि मी दोरा शोधायला गेले. फार तर चार मिनिटं. परत येऊन बघते तर सहाही सॉसेजं तव्यावर कांद्यात लोळतायत आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना फुलासारख्या चार-चार चिरा.

"तुमची ती चिरेची कल्पना मला इतकी आवडली," बाई म्हणाली, "सगळ्यांनाच दिल्या. उमलतात बघा, फुलासारखी!"

मी तव्यावर वाकले. वास घेतला, कांद्याचा आला. बोटाने दाबून पाहिलं, बाईने माझ्या हातावर चमचा मारला. सहाची सहा सारखी. मी इतकं चांगलं काम आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं आणि तेच मला भोवत होतं.

"कुठलं गं?" लॉटी कानाशी येऊन म्हणाली.

"थांब जरा."

"आर्डिस. कुठलं?"

"सहातलं एक," मी म्हटलं.

तिने काही शिवी दिली नाही. तिने छातीवर क्रॉस केला. तिने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

"दोन मिनिटं!" झास्ट्रोसाहेब ओरडले, आणि तेवढ्यात दार उघडून खुद्द म्हातारे ह्यूबनर आत आले. कंपनीचे मालक, पंचाहत्तरीचे, पोट कोटाच्या पुढे आणि कोट माणसाच्या पुढे. त्यांना म्हणे घरी चैन पडेना. आपणही पडद्यावर यायचं, मुलीच्या शेजारी उभं राहायचं आणि एक सॉसेज खायचं, असं त्यांनी गाडीतच ठरवलं होतं. मालकाला नाही कोण म्हणणार? सजावटीवाल्या बाईने दोन ताटं लावली. तव्यावरून एक सॉसेज उचलून मालकांच्या ताटात ठेवलं, एक लॉटीच्या.

अकॉर्डियन थांबलं. हॅपी रोमनने आपले सगळे दात कॅमेऱ्याला दाखवले. "आणि आता, मंडळी, ह्यूबनरच्या घरची गरमागरम भेट!"

लॉटीने काट्याला टोचलेलं सॉसेज उचललं. अगदी सराव केला होता तसं, करंगळी जराशी वर. पण मालक भुकेले होते. त्यांनी कोणाची वाट पाहिली नाही. त्यांनी अर्धं सॉसेज तोंडात घातलं आणि चावलं.

एकदा चावलं. दोनदा चावलं. मग थांबले.

हा माणूस चाळीस वर्षं रोज सकाळी आठ वाजता चार प्रकारची सॉसेजं चाखत आलेला. त्याचे डोळे हळूहळू वर गेले, छताकडे, जसं कोणी लांबून हाक मारतंय आणि कोण ते कळत नाहीये. जबडा एका बाजूला गेला. मग दुसऱ्या बाजूला.

"काय म्हणता, मालक?" हॅपी रोमन म्हणाला.

"हं," ह्यूबनर म्हणाले. सगळ्या शहरासमोर एवढंच. "हं."

मासा म्हातारा खात होता. म्हणजे लॉटीच्या हातात डुक्कर होतं. हे मला कळलं, आणि त्याच क्षणी तिलाही कळलं, कारण ती त्याच्याच तोंडाकडे बघत होती. सॉसेज तिच्या ओठांपासून चार बोटांवर होतं. आता चुकून खाल्लं असं म्हणायची सोय राहिली नव्हती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

मी काही करू शकले असते. मान हलवू शकले असते. डबा पाडू शकले असते, मला पडायलाही जमलं असतं आणि मी पडले असते तर कार्यक्रम नक्कीच थांबला असता. मी नुसती उभी राहिले. तिच्या काटा धरलेल्या हाताची दोन बोटं जराशी वाकलेली होती आणि ती ती जोर लावून सरळ धरत होती. दिव्यात ते मला स्पष्ट दिसलं.

लॉटीने चावलं. नीट, मोठा घास. फुलासारख्या टोकातून रस उडाला, तिच्या हनुवटीवर आला. तिने चावून चावून खाल्लं, गिळलं, आणि तिच्या डोळ्यांतून दोन मोठे थेंब खाली आले.

"अहाहा," ती म्हणाली. "ह्यूबनर!"

झास्ट्रोसाहेब कॅमेऱ्याच्या मागे उड्या मारायचेच बाकी होते. कार्यक्रम संपल्यावर ते तिचा हात सोडेनात. "अश्रू, मिस व्रूबेल! अश्रू! हे कोणी शिकवलं तुम्हाला? सोमवारी सरळ वर या. तुमचं टेबल लावून ठेवतो." डोरीनचं नावही निघालं नाही.

मालक मात्र मला बाजूला घेऊन गेले. "बोल्टर, ही आजची बॅच कोणाच्या हातची?"

"माझ्याच, साहेब."

"धुराच्या खोलीत काहीतरी घोळ आहे. सोमवारी लक्ष घाल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला सांगतो, वाईट नव्हतं. पण ते आमचं नव्हतं."

त्या शुक्रवारी त्या खोलीत शुक्रवार पाळणारा माणूस एकच निघाला, आणि तो माझ्याच चर्चचा होता.

बसमध्ये लॉटी खिडकीबाहेर बघत होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "तू गप. मला कळलं होतं, आर्डिस. चावायच्या आधी."

"माहितीय."

मग ती म्हणाली, "आणि इतकं चवदार लागलं गं. मेलं, शुक्रवारचं जास्तच चवदार लागतं की काय."

शनिवारी दुपारी ती कबुली द्यायला गेली. मी चर्चच्या पायऱ्यांवर बसून राहिले. बूशाचे काळे बूट माझ्या समोरून गेले आणि थांबले नाहीत. आदल्या दिवशी तिच्या दिवाणखान्यात अकरा बायका होत्या. रस हनुवटीवर आला तेव्हा म्हणे कोणीतरी टीव्हीवर रुमाल टाकला. लॉटीची आई तेवढी कोपऱ्यात शांत बसून होती, कारण तिला वाटत होतं, मासा आहे.

अर्ध्या तासाने लॉटी बाहेर आली. इतका वेळ लागत नाही, हे मलाही माहीत होतं.

"काय म्हणाले?"

"विचारलं, शुक्रवार आहे हे माहीत होतं? म्हटलं होतं. मांस आहे हे माहीत होतं? म्हटलं होतं. मग म्हणाले, बरं, केल्याचा पश्चात्ताप होतोय ना? आणि तिथेच अडलं."

"म्हणजे?"

"मला होत नाहीये." ती माझ्या शेजारी बसली. "मी खूप प्रयत्न केला गं, आर्डिस. गुडघे दुखेपर्यंत केला. डोळे मिटले की सोमवारचं ते टेबल दिसतं. हीटर दिसतो. पश्चात्ताप काही येत नाही. पाद्रीबाबा म्हणाले, तो आल्याशिवाय मी माफी देऊ शकत नाही. आला की ये म्हणाले."

"खोटं सांगायचं मग."

"कबुलीत खोटं? ते तर आणखी मोठं पाप." ती हसायला लागली, आणि हसता हसता रडली. मी तिला माझा रुमाल दिला. त्याला बिटाचा डाग होता.

रविवारी मीही लॉटीच्या चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेला गेले. आमच्या पाद्र्याला कळलं असतं तर त्याने माझ्यासाठी वेगळं प्रवचन लिहिलं असतं, पण घोळ मी घातला होता आणि लॉटीला त्या बाकावर एकटी सोडायची माझी हिंमत नव्हती. आम्ही तिघी एका ओळीत बसलो. कडेला मी, मग लॉटी, मग तिची आई सालोमेया, काळी टोपी घालून. आईच्या पलीकडे बूशा. बूशाने आमच्याकडे पाहिलं नाही, पण तिच्या पाठीनेही आम्हाला पाहिलं असावं, इतकी ती ताठ होती.

ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली. सगळे उठले. ज्याच्या माथ्यावर महापाप आहे त्याने जायचं नसतं, आणि कोण जात नाही हे आख्खं चर्च बघत असतं. लॉटी बसून राहिली. आई अर्धी उठली होती. तिने वळून लेकीकडे पाहिलं.

"चल की."

"नाही, आई."

सालोमेया तशीच अर्धवट उभी. मग तिच्या लक्षात आलं. ती अगदी हळू म्हणाली, "मासा नव्हता?"

"नव्हता."

"तुला कळलं होतं? आधी?"

"हो."

मागच्या बाकावरचे खोकायला लागले. बूशा म्हणाली, "सालोमेया, वाट दे." या बाईने चाळीस वर्षांत एक रविवार चुकवला नव्हता, बाळंतपणातसुद्धा नाही. मला वाटलं, आता ती लेकीच्या गुडघ्यांवरून पुढे जाईल आणि मागे वळून बघणार नाही. मी पाय आखडून घेतले.

सालोमेया खाली बसली.

बूशाला मग आम्हा तिघींच्या गुडघ्यांवरून जावं लागलं. माझ्या गुडघ्यांशी ती अडकली, कारण त्यांच्यावरून जाणं म्हणजे डोंगर ओलांडणं, आणि मीच तिला कंबरेला धरून पलीकडे ठेवलं. तिच्यामागून सगळा बाक गेला. आख्ख्या ओळीत आम्ही तिघीच उरलो आणि येणारे-जाणारे आमच्याकडे बघत होते.

"आई, तू का बसलीस?" लॉटी घाबरून म्हणाली. "तू जा ना. लोक बघतायत."

"पाद्रीबाबांनी माफी नाही दिली?"

"पश्चात्ताप झाला पाहिजे म्हणाले. मला होत नाहीये."

सालोमेयाने आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले. हातमोजे तिला घालता येत नाहीत, त्यामुळे ते उघडेच होते.

"परवा त्या सगळ्या तुझ्या तोंडाकडे बघत होत्या," ती म्हणाली. "मी तोंड बघितलंच नाही. मी हात बघत होते. टीव्हीत केवढे मोठे दिसतात गं! आणि बोटं अशी सरळ. म्हटलं, आता ती सरळच राहतील." समोर लोक रांगेने गुडघे टेकत होते. "मग मी तरी कशी जाऊ? मलाही होत नाहीये."